बापाचे एकोणीस तास

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात माझ्यापुढे एक काका होते. काउंटरवरच्या मुलीनं विचारलं,

“काका, बिघडलंय काय?”

“लॅपटॉप ठीक आहे. आकडा बिघडलाय. ऑनलाइन दुकानात गेमच्या रिव्ह्यूशेजारी दाखवतात ना, लिहिणारा किती तास खेळला? मुलाचे चारशे बारा होते. तो वारल्यावर मी त्याच्याच खात्यातून गेम उघडला, बंद कसा करायचा कळेना. आता चारशे एकतीस दाखवतंय.”

“रिव्ह्यूत काय लिहिलंय त्यानं?”

“‘फालतू गेम. वेळ घालवू नका.’”

“चारशे बारा तास खेळून?”

“तसलाच होता.”

“काका, तो आकडा कमी होत नाही.”

“मग माझे वेगळे दाखवा म्हणावं. मी गेममध्ये नुसता पहिल्या दारापाशी उभा होतो. उगाच लोकांना वाटायचं, एवढा वेळ त्याला मिळाला.”