मालनबाईंची जाई

मालनबाई : धरा की पदर, कोंडाबाई. ओंजळीत मावायची नाहीत एवढी फुलं. परवा तुमची गाडी. मग भिंतीवरून कुणाला देऊ?

कोंडाबाई : नक्को अक्का. सामान बांधायलेय. फुलं कुठं ठेवू?

मालनबाई : केसांत माळा. औरंगाबादेत कुठली अशी जाई!

कोंडाबाई : बोला, तुम्ही बोला. भाषेवरून राज्यं वाटली अन् आमच्या मालकाला तिकडच्या कचेरीत टाकलं. तुमच्या केशवरावांना मात्र हैदराबादेतच ठेवलं. शहर तुमचं, फुलंबी तुमचीच.

मालनबाई : असं काय बोलता? याच जाईची फांदी तुम्हाला मीच दिली होती ना?

कोंडाबाई : दिली की. सात वर्षं झाली. शेणखत घातलं, सकाळ-संध्याकाळ पाणी घातलं. नुसता पाला! एक कळी धरली नाही.

मालनबाई : लिंबाच्या सावलीत लावलीत. जाईला ऊन लागतं. आणि इतकं पाणी कशाला?

कोंडाबाई : हेच! हेच ऐकून ऐकून जीव विटला माझा. अख्खी गल्ली म्हणणार, मालनबाईच्या हाताला गुण आहे. आमचे मालक कचेरीतून यायचे, माझ्या हातचा चहा प्यायचे अन् म्हणायचे, काय खुशबू येतेय पलीकडून! पलीकडून!

मालनबाई : अगं बाई! आणि यंदा तर विचारूच नका. पौषात भामानं बुडापासून कापली, तेव्हा वाटलं संपलं. सुनेनं सूड उगवला, पण वेल दुपटीनं फुलली.

कोंडाबाई : सुनेचं नाव नका घेऊ.

मालनबाई : का नको? आदल्या दिवशी मी तिला बोलले होते. दुसऱ्या दिवशी आम्ही नामपल्लीला नुमाइशीचं प्रदर्शन बघून आलो, तर वेल जमिनीवर. घरात ती एकटी. 'मी नाही कापली' म्हणून रडत राहिली. परभणीला माहेरी गेली ती गेलीच. माझा हिम्मत बायकोला दोनदा आणायला गेला. म्हणते, आधी सासूबाईंनी माझं खरं मानावं.

कोंडाबाई : माना मग.

मालनबाई : काय?

कोंडाबाई : मी कापली, अक्का. भामाचं डोकं दुखत होतं, ती आत निजली होती. मी विळा घेऊन भिंत चढले. म्हणलं, मरू दे एकदाची. अन् चैतात बघते तर कोंबच कोंब! कापल्यानं उलट फोफावली. मी आणखी जळले.

मालनबाई : आणि तिच्यावर आळ घेतला तेव्हा?

कोंडाबाई : इथंच उभी होते. सगळं ऐकलं. खरं सांगू? बरं वाटलं. म्हणलं, यांच्याबी घरात काहीतरी उणं झालं.

(मालनबाई परडी भिंतीवर ठेवतात.)

मालनबाई : नऊ महिने. रोज माझ्याशी बोलत होता तुम्ही.

कोंडाबाई : रोज. रोज वाटायचं सांगावं, अन् रोज ही फुलं दिसायची. आता गाडी परभणीवरूनच जाते. मी उतरते. मालक काय बोलायचं ते बोलू दे. तिचे पाय धरून सांगते.

मालनबाई : काय सांगाल?

कोंडाबाई : मी कापली म्हणून.

मालनबाई : वेल तुम्ही कापलीत. घरातून तिला मी काढलं. तिनं माझ्या पायाला हात लावून शपथ घेतली होती, कोंडाबाई. मी पाय मागं ओढला.

कोंडाबाई : शिव्या द्या मला, अक्का.

मालनबाई : शिव्या आहेत. पुष्कळ आहेत. वाटेत देईन.

कोंडाबाई : कुठल्या वाटेत?

मालनबाई : परवा काचीगुड्याहून गाडी किती वाजता सुटते?

कोंडाबाई : सकाळी. का हो?

मालनबाई : तुमच्या डब्यात माझ्यापुरती जागा होईल?