कोपऱ्यातलं नाव

मुनीर : नीला, मागे वळू नकोस. बांधावर कोणीतरी उभं आहे.

नीला : मघापासून आहे. तुला सांगितलं असतं तर चित्रातलं आकाश बिघडवलं असतंस.

मुनीर : आकाशाचं काय घेऊन बसलीस. एकटाच आहे?

नीला : इकडे येतोय तो एकटाच. मागे पिंपळाखाली चार-पाच पोरं बसलीत. उगाच आलो रे. तिकडे मुंबई दंगलीत पेटलीये, आणि आपण या शेलार गावात नदी रंगवतोय.

मुनीर : चिंतामणी सर अंथरुणावरून म्हणाले, रविवार चुकवू नका, मला नदी आणून दाखवा. नाही कसं म्हणायचं?

नीला : सरांना घरचे पेपरसुद्धा दाखवत नाहीत. त्यांना काय ठाऊक बाहेरचं? तू आधी तुझं नाव खोड.

मुनीर : कागदावरचं?

नीला : मग कुठलं? सरांची ती शिस्त. आधी कोपऱ्यात नाव घाला, मग रंगाला हात लावा, म्हणजे चित्र फसलं तरी आपलंच. खोड ना.

मुनीर : त्यावरून रंगाचं पाणी फिरलंय. आता ती पेन्सिल खोडरबराने जायची नाही, तुला माहितीये.

नीला : मग गडद काहीतरी फास.

मुनीर : त्याच्या डोळ्यांदेखत? पोचलाच तो.

नीला : मग विचारलं तर तू सुधीर. माझा भाऊ. ऐकतोयस ना?

मुनीर : ऐकतोय. कोपऱ्यावर अंगठा ठेवतो.

केसरीनाथ : काय चाललाय हितं?

नीला : नदीचं चित्र काढतोय, काका. आमचे मास्तर आजारी आहेत, त्यांना दाखवायला.

केसरीनाथ : आमची पोरा सांगतान, गावाचा नकाशा काढतान. घरा मोजतान.

नीला : नाही हो. बघा ना, पाणी आणि झाडंच आहेत.

केसरीनाथ : तुझा बघला. याचा कागद दे हिकडं. नाव काय रं तुझा?

नीला : सुधीर. माझा भाऊ आहे.

केसरीनाथ : मी त्याला इचारला.

मुनीर : मुनीर. निजामपुऱ्याच्या मोहल्ल्यात राहतो. ती माझ्यासाठी खोटं बोलली.

नीला : का सांगितलंस?

मुनीर : लिहिलंच आहे, नीला. कागद त्यांच्या हातात आहे.

केसरीनाथ : हलू बोला. मी वाचलाय. त्या पोरांनी न्हाय वाचला अजून.

नीला : आम्ही निघतो, काका. आत्ता निघतो.

केसरीनाथ : बांधावरनं? त्यांच्या म्होरनं? न्हाय. खाली माझी होडी हाय. केसरीनाथची होडी कोन अडवत न्हाय. दोघांना पलीकडं सोडतो.

मुनीर : तुमच्यावर विश्वास कसा ठेवू?

केसरीनाथ : नको ठेवू. पन दुसरी वाट हाय का तुला?

(होडी पाण्यात.)

नीला : पोरं उठून काठावर आली, काका. बघतायत.

केसरीनाथ : बघू दे. तू चित्र काढ रं, मुनीर. लांबून दिसला पायजे, चित्रच काढतंय.

मुनीर : ब्रश धरता येत नाहीये. हात थरथरतोय.

केसरीनाथ : थरथरू दे. कागदाकडं बघ. माझ्या हाताकडं बघू नको, तो पन थरथरतोय.