नाथाजींच्या पुटकुळ्या

मिरजेच्या त्वचारोग दवाखान्यात विश्रामबागेतले मदन चौगुले पेपरात तोंड लपवून बसले होते. शेजारी साताऱ्याकडचे दोन निवृत्त फौजी होते. त्यातले नाथाजी नुकतेच तपासून घेऊन बाहेर आले होते आणि त्यांच्या दोस्ताचे कान तोफखान्यात गेले होते.

“काय म्हणला डाक्टर?”

“हळू बोल, गड्या. साध्या पुटकुळ्या हायत.”

“आँ?”

“साध्या पुटकुळ्या! वस्तऱ्यानं तासलं, तवा केस आतच वळलं.”

“कुठलं केस?”

“खालचं रं!”

“मंग वंगाळ रोग न्हाई?”

“न्हाई. फोडायच्या न्हाईत, वस्तरा बंद, साध्या पाण्यानं धुवायचं, सैल सुती चड्डी घालायची. दुखलं, चिघळलं, वाढलं तर लगेच या म्हणला.”

“आन् तू लावत हुतास ते गजकर्णाचं मलम?”

“त्यावरनं लय झापलं.”

“आता चंद्रावैनीला सांग की.”

“तिला वाटतंय, मी ब्रह्मचर्याचं व्रत धरलंय.”

“आँ?”

“व्रत धरलंय म्हणून सांगितलंय तिला!”

सगळा दवाखाना खुदखुदला. तेवढ्यात नर्सने हाक मारली, “मदन चौगुले! काय त्रास होतोय?”

मदनरावांनी पेपराची घडी केली.

“यांना झालंय, तेच.”

नाथाजींनी पाय आखडून त्यांना वाट दिली.

“जावा, बिनघोर जावा. लय बारीक बघतोय डाक्टर.”