गोराईपर्यंत सोबत

आणि वर मलाच विचारतात, 'दशरथ, बस की रे, उभा का?' अहो, बसवलं असतं तर बसलो नसतो का? हौस आहे का मला उभं राहायची? महिना उलटून गेला, अजून लाकडी बाकडं दिसलं की मी आपला भिंतीला टेकतो. ऑफिसात साहेबांना वाटतं, वा, काय आदब आहे! आदब कसली, मी कांजूरमार्गहून गोराईला सायकलवर गेलो होतो. रात्री. समुद्रबिमुद्र बघायला नव्हे हां, समुद्राशी माझं प्रेमही नाही आणि भांडणही नाही... मी गेलो होतो सोबत म्हणून!

तुम्हाला सांगतो, झालं काय, आमची अनुपमा, माझी धाकटी बहीण, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर आहे. दिवसभर 'नंबर प्लीज, नंबर प्लीज' करून तिथल्या मंडळींना हुक्की आली की शनिवारी रात्री चांदणं आहे, सगळे मिळून सायकलवर गोराईला जाऊ, पहाटेच्या होडीनं पलीकडे, उजाडताना समुद्रात पाय. झकास! आता मला सांगा, मुंबईत समुद्राची टंचाई आहे का? बसमध्ये बसावं, जुहूला उतरावं, भेळ खावी, परत यावं. नाही! पवईवरून, आरेच्या जंगलातून, गोरेगाव, मालाड, बोरीवली करत, रात्रभर पायडल मारत जायचं!

आमचे बाबा, धाकू म्हणतात त्यांना, संपानंतर गिरणीनं कायमचे घरी बसवलेले. गिरणी होती तेव्हा गिरणीची काळजी करायचे. आता अनुपमाची करतात, तिन्ही पाळ्या. ते काय म्हणाले? 'चेडू एकटा जातला? आणि ताय रात्रीचा? दशरथ, तू जा तिच्यावांगडा. सोबत व्हयी.' आमच्या मालवणीत चेडू म्हणजे पोरगी. संपलं. मी सायकल शेवटची शाळेत असताना चालवली होती, हे कुणी विचारलंच नाही. आमची लता, म्हणजे बायको, म्हणाली, 'जा ना, तेवढंच पोट कमी होईल.' आणि अनुपमा? ती काही बोललीच नाही. भावाला गळ्यात बांधतायत तर पोरगी चिडायला नको? ही गुपचूप माझ्यासाठी भाड्याची सायकल घेऊन आली! तेव्हाच माझी ट्यूब पेटायला हवी होती. नाही पेटली.

ती सायकल! ब्रेक होते, पण ते ऐकायचे नाहीत. दिवा नव्हता, दिव्याची जागा होती. आणि सीट... सीटमधली एक स्प्रिंग मोकळी सुटलेली. ती खड्ड्याखड्ड्याला वर येऊन माझी विचारपूस करायची. आणखी सांगत नाही, इथं बायामाणसं आहेत.

निघाले सगळे. आठ-नऊ बाप्ये, तीन मुली, चिवड्याचे डबे, कुणाच्या हँडलला ट्रान्झिस्टर. मी पहिल्या चौकातच माणूस हेरला. सोबत म्हणून गेलो ना मी! हेरायला नको? चंद्रप्रकाश नाव. पांढरी पँट... रात्री, सायकलवर, पांढरी पँट! केस असे मागे वळवलेले, गळ्यात रुमाल, आणि अनुपमाच्या शेजारून हात सोडून सायकल चालवतोय. मी म्हटलं, हाच. ह्याच्यावर डोळा ठेवायचा.

आता डोळा ठेवायला माणूस डोळ्यांपुढे तरी पाहिजे ना? हे सगळे पुढे भुर्र, मी मागे धापा टाकतोय. पवईच्या अलीकडे हवालदारानं काठी आडवी घातली. 'ए, दिवा कुठंय?' मी म्हटलं, साहेब, भाड्याची आहे. 'रात्रीचा एकटा कुठं निघालास बिनदिव्याचा?' मी म्हटलं, एकटा नाही साहेब, मी सोबत आहे. त्यानं माझ्या मागे पाहिलं, पुढे पाहिलं. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. 'कुणाची सोबत?' म्हणाला. तोंड वास घेण्याइतकं जवळ आणलं, हुंगलं, प्यालेला नाही म्हटल्यावर जरा निराश झाला, आणि दोन्ही चाकांची हवा सोडून चालता झाला.

बसलो रस्त्याच्या कडेला. तेवढ्यात पुढून एक सायकल परत आली. त्यांच्यातलाच एक, अंबादास. एक्स्चेंजमध्ये टेक्निशियन. काळासावळा, दणकट, अंगात घरी विणलेला तपकिरी स्वेटर. बोलणं म्हणाल तर मोजून. 'हवा गेली?' म्हणाला. मी म्हटलं, गेली नाही, नेली. हसला. कॅरिअरचा पंप काढला, दोन्ही चाकं भरली, आणि माझ्या मागे मागे चालवायला लागला. पुढे जा ना रे बाबा, मी म्हटलं. 'तुमचा दिवा नाही ना,' म्हणाला. 'मागून गाडी आली तर माझा मागचा दिवा दिसेल.' मला वाटलं, आहे बिचारा एकेक साधा माणूस. मी पुन्हा पांढरी पँट शोधायला लागलो.

मग आली आरे कॉलनी. तिच्या तोंडाशी सगळे आमच्यासाठी थांबले होते, तिथून एकत्र आत शिरलो. अहो, दिवसा दूध येतं तिथून म्हणून आपण प्रेमानं नाव घेतो. रात्री जाऊन बघा! दोन्ही बाजूंना झाडी, वर फांद्यांचं छप्पर, ते चांदणं का काय ते सगळं फांद्यांच्या वरच राहिलं. आणि कुणीतरी म्हणालं, 'इथं बिबट्या असतो हां.' बस्स! सगळे चिडीचूप, ट्रान्झिस्टरसुद्धा बंद. आणि तेवढ्यात उजव्या हाताच्या अंधारातून असा आवाज आला... हॉक्क! अहो, सगळी पलटण जी सुटली! 'सोबतवाले दादा राहिले' असं कुणी म्हणालं असेल तर शपथ! मी घाबरून हँडल वळवलं ते सरळ गटारात. सायकल माझ्यावर, मी चिखलात, डोळे मिटले, म्हटलं, लता, पोरं सांभाळ. परत आवाज. हॉक्क! आणि पाठोपाठ अंबादासचा, अगदी शांत, 'दादा, म्हैस आहे. खोकतेय.'

तबेला होता तिथं. म्हशीला सर्दी.

त्यानं मला वर काढलं, सायकल वर काढली. सीटवर हात ठेवला, स्प्रिंगनं त्यालाही राम राम केला. 'ह्याच्यावर बसून आलात?' मी म्हटलं, बसून म्हणजे काय, वेळ काढत. मग एक शब्द न बोलता त्यानं स्वतःची सायकल माझ्या हातात दिली. नवी, काळी, तेलपाणी केलेली, डायनॅमोवाली. आणि माझं ते धूड स्वतः घेतलं. मी नको नको म्हटलं, पण ते आपण सायकलवर चढून बसल्यावर म्हणतो, तसं.

आणि अहो, ती सायकल! पाय टेकवला की पळते! मी गोरेगावला सगळ्यांना गाठलं, चंद्रप्रकाशच्या बरोबरीनं सायकल घातली, आणि मग त्याला सोडलाच नाही. तो पुढे, मी पुढे. तो मागे, मी मागे. मालाडला तो चहाला थांबला, मी चहाला थांबलो. अनुपमा मागे राहिली होती, तिची म्हणे चेन पडत होती. गोरेगावपासून जी चेन पडायला लागली, दर दहा मिनिटांनी पडली. मी म्हटलं, पडू दे, चांगलंच आहे. पांढरी पँट माझ्याजवळ आहे, चेन तिच्याजवळ आहे, काळजी नाही!

आणि तुम्हाला सांगतो, पोरगा वाईट नव्हता हो! गप्पिष्ट. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, जागा स्वतःची का? म्हणाला, घाटकोपरला दोन खोल्या. नोकरी? कायम. दारू? वास सहन होत नाही. आई? स्वभावानं गरीब. तो मला चिवडा देतोय, दादा दादा करतोय, स्वतःचा रुमाल काढून माझ्या कपाळावरचा चिखल पुसतोय. म्हटलं, अरे, बाबा ह्या पोराला नाही म्हणणारच नाहीत! बोरीवली येईपर्यंत मी मनातल्या मनात लग्न जमवून टाकलं होतं. हॉल धरला. पंगतीला श्रीखंड. फक्त ती पांढरी पँट कशी सोडवायची, एवढाच प्रश्न राहिला होता.

खाडीवर पोचलो, होडी यायला वेळ होता, तिथंच धक्क्याच्या कठड्याला टेकून सगळे पेंगले. अनुपमा आणि अंबादास सगळ्यांत शेवटी आले, हळूहळू, सायकली हातात धरून चालत. मी म्हटलं, चेन? 'चेन,' ती म्हणाली.

मग उजाडता उजाडता होडी. सायकली आडव्या रचलेल्या, त्यांच्यावर माणसं. नाववाला कोळी माझ्या चिखलाकडे बघून म्हणाला, 'शेठ, आंघोळ तिकडे करा, मासे इथले चांगले आहेत.' पलीकडे उतरलो, गोराई गावातनं, क्रॉस लावलेल्या घरांमधनं, वांग्यांच्या वाफ्यांच्या कडेनं किनाऱ्यावर. समुद्र होता. जिथं असतो तिथंच. मी वाळूत पालथा पडलो. पालथाच! उताणं पडायची सोय राहिली नव्हती.

चंद्रप्रकाश माझ्या शेजारी पडला. म्हटलं, आता विषय काढावा. म्हटलं, चंद्रप्रकाश, लग्नाचं काय मनात? तो लाजला. 'तुम्हाला तर बोलावणारच आहे दादा. दिवाळीत साखरपुडा झाला. मुलुंडची आहे.'

मी वाळूतून तोंड वर काढलं. म्हटलं, मग रात्रभर माझ्याबरोबर...?

'अनुपमानं सांगितलं होतं, दादाला सायकलची सवय नाही, जरा सांभाळ. आणि बोलत ठेव.'

म्हणजे बघा! मी ह्याच्यावर नजर ठेवून, आणि ह्याला माझ्यावर नेमलेला! सोबतीला सोबत! मी म्हटलं, अरे मग तिकडे पाण्यात ती अनुपमा कुणाबरोबर उभी आहे? वर बघतो तर तपकिरी स्वेटर. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, आणि तो मोजून बोलणारा माणूस... अहो, बोलत होता! हातवारे करून! आणि आमची अनुपमा अशी हसत होती की लाटेनं साडी भिजली तरी तिला पत्ता नाही. घरात ती तशी कधी हसलेली मला आठवेना. गिरणी बंद झाल्यापासून तर नाहीच.

मी उठलो. भाऊ म्हणून ओरडावं म्हणून उठलो होतो. तिनं मला येताना पाहिलं, एकटी पुढे आली. म्हणाली, 'दादा, बघितलास ना?'

'काय बघितलं? मी दुसऱ्याच माणसाला बघत होतो!'

'रात्री तुझ्या मागे दिवा घेऊन कोण होतं?'

मी पुन्हा त्या तपकिरी स्वेटरकडे पाहिलं.

म्हणाली, 'मला वाटलं, बाबांच्या आधी तू त्याला बघावंस. म्हणून तर तुला आणलं.'

'तू आणलंस? मला बाबांनी पाठवलं!'

'बाबांच्या डोक्यात ते घातलं कुणी?'

आता ह्या पोरीला काय म्हणावं, सांगा! मग तिनं सांगितलं, अंबादासचं गाव जालन्याकडचं, आई आणि धाकटा भाऊ विक्रोळीला. बौद्ध मंडळी. सहा डिसेंबरला सगळं घर दादरला जातं. आम्ही मालवणचे मराठे. पुढचं तुम्हाला मी सांगायला नको, आणि तिनंही मला सांगितलं नाही. नुसती उभी राहिली, पाण्यात. मी म्हटलं, अनू, बाबांना कोण सांगणार? मी तर आपला सोबत म्हणून आलो होतो गं!

'मग कर ना सोबत,' ती म्हणाली. हसत नव्हती. पायाखालची वाळू सरकत होती आणि तिनं माझं मनगट धरलं होतं, लहानपणी रस्ता ओलांडताना धरायची तसं.

काय करणार? केली. परत येताना, हो, परत येताना तिची चेन एकदाही पडली नाही, आणि त्याच दिवशी संध्याकाळी बाबांना सांगितलं. उभ्यानं. पोरगा टेक्निशियन आहे, कायम आहे, निर्व्यसनी आहे, मला गटारातून काढलं. बाबांनी सगळं ऐकलं. शेवटी विचारलं, 'आडनाव काय तेचा?' सांगितलं. त्यावर महिनाभर आमच्या घरात फक्त रेडिओ बोलला. अनुपमा ड्यूटीवर जायची, यायची. आई ताटं वाढायची. बाबा पेपर वाचायचे, तोच तो पेपर. मला वाटलं, संपलं. आणि मी रात्री लताला म्हटलं, त्या माणसानं स्वतःची सायकल मला दिली ती भलेपणानं, की मला पुढे पिटाळायला? मला आजपर्यंत कळलेलं नाही. लता म्हणाली, 'दोन्ही असेल. नवरा म्हणून असाच बरा.'

आणि परवा, काही विषय नाही, काही नाही, बाबा दाढी करता करता आरशातून म्हणाले, 'माका बघूचो आसा तो.'

अनुपमानं हातातली कपबशी खाली ठेवली. मी म्हटलं, घरी बोलावू?

'घराक नको. घराक इलो की चाय देवची लागतली. चाय दिली की होय म्हणूचा लागतला.'

मग ऑफिसात भेटता?

'थंय सगळेच बरे दिसतत. तू खंय बघलंस तेका? सायकलीर मा? मगे मीय थंयच बघतलंय.'

म्हणजे तेही सायकलवरच बघणार! अहो, बाबांना सायकल येत नाही! पासष्टीचा माणूस, आयुष्यात चाकाला हात लावला तो गिरणीच्या. म्हटलं, बाबा, डबलसीट जावं लागेल. म्हणाले, 'जातलंय.' म्हटलं, मग अंबादासच्याच कॅरिअरवर बसा, तो दणकट आहे, सायकल चांगली आहे, सगळ्यांचीच सोय. तर ब्रश खाली ठेवून माझ्याकडे वळले, अर्ध्या तोंडाला फेस... 'आणि मगे तेचा तोंड माका कसा दिसतला? नुसती पाठ बघून कोण चेडू देता काय?'

तेव्हा येत्या शनिवारी पुन्हा गोराईला निघतोय. अंबादास बाजूनं चालवणार, बाबा त्याला नीट बघणार, अनुपमा पुढे असणार. आणि बाबा बसणार माझ्या कॅरिअरवर. चढ लागला की मी उतरून ढकलायचं, बाबा उतरणार नाहीत. तसं ठरलंय.