चुकलं की नवा कागद

दोन हजार पंचवीसचा फेब्रुवारी, ऐन हिवाळा, ओहायोतल्या डब्लिनमध्ये गुडघाभर बर्फ, आणि घरात छत्तीस वर्षांचा इंजिनियर पेनानं स्वतःचं नाव लिहिताना घामाघूम... आता याला काय म्हणावं, तुम्हीच सांगा! माझा मुलगा हो, प्रसाद. कंपनीनं काढला. कसा? तर एक मेल आला. साहेबानं समोर बसवलं नाही, चहा विचारला नाही, मेल! सून रडली, ज्ञानदा. मला काही वाटलं नाही. मी विचारलं, "आता?" तर म्हणाला, "अप्पा, साठ दिवस आहेत. तेवढ्यात दुसऱ्या कंपनीनं व्हिसाचे पेपर भरले तर ठीक, नाहीतर आपण बॅगा भरायच्या." बायको, पोरगी, मांडलेलं घर, सगळं साठ दिवसांत!

चाळीस ठिकाणी अर्ज केले. अर्ज म्हणजे काय, तर बटण दाबायचं. उत्तरही बटणानंच येतं, नाही म्हणून. असे तीस दिवस गेले. मग उगवला त्याचा मित्र परीक्षित. हा जपानात, नागोयाला तीन वर्षं काढून आलेला, अजून दर वाक्याला मान लववतो. "काका, इथून अर्ध्या तासावर जपानी कंपनी आहे, गाड्यांचे पार्ट बनवते. प्लँटचे मोठे साहेब जुन्या वळणाचे, माझ्या ओळखीचे. यार प्रसाद, त्यांना जपानी पद्धतीचा रेझ्युमे दे. हातानं लिहिलेला! जाम खूश होतील." आणि पिशवीतून कोऱ्या फॉर्मांचा गठ्ठा काढला. वीस. नियम? काळ्या शाईचं पेन. खाडाखोड नाही, व्हाइटनर नाही. एक अक्षर चुकलं की नवा कागद.

तुम्हाला सांगतो, अमेरिकेत आल्यापासून पहिल्यांदा कुणीतरी शहाणपणाचं बोललं! मी सहावी शिकलेला माणूस. पण चिंचवडच्या कारखान्यात शेवटची पाच वर्षं इन्स्पेक्शनला होतो, माझ्या टेबलावरून वाकडा पार्ट कधी पुढे गेला नाही. मी खुर्ची ओढली, चष्मा लावला, म्हटलं, "लिही."

पहिला कागद आडनावात गेला. स्वतःच्या! अक्षर असं, की डॉक्टरनंसुद्धा परत पाठवावं. नवा कागद. दुसरा जन्मतारखेत. आपण दिवस आधी लिहितो, अमेरिका महिना आधी, जपानी वर्ष आधी, आणि हा तिघांच्या मध्ये उभा. नवा कागद. मग फोटो. कोट घालून फ्रिजसमोर उभा राहिला आणि दात काढले. परीक्षित ओरडला, "हसायचं नाही!" मला पटलं. नोकरी मागायला दात कशाला? पुढे काय, तर घरापासून कामावर यायला किती वेळ लागतो. यानं लिहिलं, पंचवीस मिनिटं. मी म्हटलं, "बर्फात?" "बर्फात पन्नास, अप्पा." "मग खोटं का लिहितोस?" नवा कागद! छंद लिहिला हायकिंग. म्हटलं, पार्किंगपासून दुकानापर्यंत चालतोस, त्याला हायकिंग म्हणतात? नवा कागद! नात आली, केया, पाच वर्षांची. "आजोबा, इज डॅडी इन ट्रबल?" म्हटलं, "हो. सिट डाउन."

चौदाव्या कागदावर शिक्षणाची ओळ आली. कॉलेजात गेला दोन हजार सात, पास झाला दोन हजार बारा. परीक्षितनं बोट ठेवलं, "चार वर्षांच्या डिग्रीला पाच कशी लागली? जपानी माणूस हेच विचारणार. मधल्या वर्षाचं कारण लिही." प्रसादनं लिहिलं, पर्सनल. "ते नाही चालत, नीट लिही." ज्ञानदा सहज म्हणाली, "अरे, इयर डाउन होतं म्हणून लिहून टाक ना, त्यात काय! अप्पाच तर सगळ्यांना सांगतात, नापास झाला म्हणून."

प्रसादनं पेनाला टोपण लावलं.

आता... सांगतो. नापास झाला नव्हता तो. दोन हजार नऊला माझा उजवा हात कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसमध्ये गेला. दोन बोटं तिथेच राहिली, तीन ऑपरेशनं झाली. बायको दोन वर्षं आधीच गेलेली. या पोरानं कॉलेज थांबवलं. वर्षभर मला भरवलं, दाढी केली, पायजम्याची नाडी बांधली. लोक विचारायचे, पोरगा घरी कसा? मी म्हणायचो, नापास झालंय गाढव! मग काय सांगू, नाडी बांधायला राहिलाय म्हणून? मग तेच चालू राहिलं. लग्नाच्या बोलणीतही तेच सांगितलं, याच्यासमोर. एकदा तोंड उघडलं नाही यानं. सोळा वर्षं!

मी म्हटलं, "लिही. वडिलांचा हात मशीनमध्ये गेला. त्यांचं करायला एक वर्ष कॉलेज थांबवलं."

ज्ञानदानं माझ्या हाताकडे बघितलं, मग त्याच्याकडे. तो म्हणाला, "अप्पा, राहू दे. इयर डाउनच लिहितो."

"कागदावर खोटं चालत नाही. नवा कागद घे."

पंधरावा, सोळावा, सतरावा, तिन्ही त्याच ओळीत गेले. मी खिडकीबाहेर बघत बसलो. अठरावा नीट उतरला. वरपासून खालपर्यंत दोनदा तपासला. पास.

मुलाखतीत मोठ्या साहेबांनी म्हणे तो कागद दोन्ही हातांनी घेतला, सगळा वाचला, त्या ओळीवर थांबले आणि विचारलं, "वडिलांचा हात आता कसा आहे?" बाकीचे प्रश्न मशीनचे. आठवड्यानं नोकरीचं पत्र आलं, सत्तावन्नाव्या दिवशी व्हिसाचे पेपर भरले. आणि तो कागद? एचआरची बाई किंचाळली, "ओ माय गॉड, फोटो? बर्थ डेट? बायकोचं नाव? वी आर नॉट अलाउड टू कीप धिस!" उचलला आणि घातला कागद फाडायच्या मशीनमध्ये. सतरा आम्ही फाडले, अठरावा त्यांनी! मला काही वाटलं नाही. साहेबांचं वाचून झालं होतं. ज्ञानदाचंही.

त्याचं एक वर्ष माझ्याकडे होतं. परत केलं.