पायाखाली बघायला शिकले

मी राई गावची. जन्म राईचा, लग्न पन राईतच, तीन आळ्या सोडून, म्हंजे सासरी गेले ती पायीच गेले. नवरा होडीवर, मी मासळीची पाटी घेऊन नवघरला, चाळीस वर्सं, बोंबील, कोलबी, गावंल ते. काय सांगू तुम्हाला, पाटी डोक्यावर असली का बाई खाली बघत न्हाय, मान ताठ, नजर समोर, पाय आपले आपन रस्ता शोधतात. पुढं धंदा सुटला, पाटी उतरली, पन मान काय खाली आली न्हाय.

तीच खोड नडली. नवरा गेल्यावर पोरगा बोलला, आये, एकटी नको राहू, चल आमच्याकडे. त्याचा फ्लॅट मीरा रोडला, पाचव्या माळ्यावर, तो नि सून दोघं कामावर, दार लावलं का मी नि टीव्ही. बाथरूमला उंबरा, चार बोटं असंल, मी समोर बघत गेले नि आपटले. मांडीचं हाड मोडलं. संध्याकाळी सून आली तवर तिथंच पडून होते.

ऑपरेशन झालं, काठी आली, पोरगा पुरता घाबरला. बोलला, चेने गावाच्या बाजूला वृद्धाश्रम हाय, बघून येऊ. गेलो. खोटं कशाला बोलू, जागा झ्याक होती, झाडं, नर्सबाई, वेळेवर जेवन. एक मास्तरीणबाई होती, ती बोलली, माझं कोणी नाही, मला इथं सुख आहे. होतंच तिला सुख, तोंडावर दिसत होतं. पन माझं कोन न्हाय असं न्हाय ना. मी पोराला बोलले, मना माझ्या घरी ने. तो चिडला, तिथं पडलीस तर उचलनार कोन. मी बोलले, हिराला इचारते.

हिरा राईतल्या माझ्या घरासमोरची, तिचा बी नवरा गेलेला, पोरं न्हाईत. गिऱ्हाईकावरून आमचं भांडन झालेलं, चार वर्सं बोलनं न्हाय. काठी टेकत तिच्या दारात गेले, बोलले, हिरे, येशील का माझ्याकडं राहायला. ती बोलली, रांधनार कोन ते आधी ठरव. मी बोलले, तूच रांध, खारट झालं तरी खाईन.

पोरानं अट घातली, दोन महिने बघू, एकदा जरी पडलीस तर चेन्याचा आश्रम. न्हानीचा उंबरा फोडून काढला, भिंतीला दांडे लावले, सकाळच्या कामाला बाई ठेवली. नि मी सत्तराव्या वर्षी चालायला शिकले. हिरा पुढं, मी मागं, माझी मान वर गेली का ती पाठमोरीच ओरडते, खाली बघ गो. तिला मागं न बघता कसं कळतं देव जाने. राग येतो हो, लई राग येतो, पन पडले न्हाय.

दोन महिने कवाच सरले, अट कोन काढत न्हाय. परवा पोरगा गवंडी घेऊन आला, दाराची चौकट रुंद करायची, चाकाची खुर्ची जाईल एवढी. माझ्या डोळ्यांत पानीच आलं, बोलले, अरे मी चालतेय ना, खुर्ची कशाला आनतोस. तो टेप लावता लावता बोलला, तुझ्यासाठी कोन करतोय, मी काय पाचव्या माळ्यावर म्हातारा होनार हाय का.

मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. बोलले, हो बाबा, चांगला म्हातारा हो.