दुसऱ्या आवृत्तीत बेडूक बिघडले

"हॅलो? … हां, बोल विल्फ. … नाही रे, जेवण झालंय. … नाही. शनिवारी पहिल्या आवृत्तीचे नियम लावायचे नाहीत म्हणजे नाहीत. इतिहास हा इतिहास असतो, विल्फ. एकदा घडला की घडला. साक्षात देवालासुद्धा तो बदलता येत नाही. … हो. … हो, दुसऱ्या आवृत्तीत बदलला. … तिसरीतही बदलला. … चौथीत तर चित्रंसुद्धा बदलली, मान्य आहे."

बीस्टनमधल्या आपल्या घरात, जिन्याखालच्या स्टुलावर बसून हेडली क्रॉपर हे बोलत होता. बायको मेरिएल आतल्या खोलीत होती. वय एकाहत्तर. पलीकडचा विल्फ त्र्याहत्तर. गेली चाळीस वर्षं दर शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये टेबलावर शिशाचे शिपाई मांडून दोघं 'धुक्याची लढाई' खेळत आले होते. हेडलीची फौज बुटक्यांची, विल्फची बेडकांची. खेळाचं नियमपुस्तक मात्र दर काही वर्षांनी नव्या आवृत्तीत निघे.

"आठवतंय रे मला! पहिल्या आवृत्तीत बुटके नि बेडूक एकाच बाजूला. दोघंही सज्जन. पान नऊ. … हो, हो, माझे चोवीस बुटके पुलावर, तुझे बेडूक पुलाखाली. कुणाची टाप नव्हती यायची. … मग दुसऱ्या आवृत्तीत बेडूक बिघडले, त्याला मी काय करणार? … नाही, कारण दिलं नव्हतं. नुसता तक्ता होता, त्यात 'दुर्जन' लिहिलं होतं. … अरे, तुझ्या बेडकांवर माझा व्यक्तिशः काहीच राग नव्हता. … मारले, कारण तक्त्यात होतं.

"… विल्फ आहे गं, मेरिएल! … बेडकांचं! … विल्फ, मेरिएल विचारतेय, पाठ कशी आहे? … बरं. … म्हणतो, टेबलाएवढं वाकता येतं!

"… तिसऱ्या आवृत्तीचं कशाला काढतोस? गेले माझे बुटके. एका ओळीत. 'डोंगर खचला.' संपलं. … हो, तू समाचाराला आला होतास. खिमा भरलेला पोर्क पाय घेऊन. … आणि चौथीत बुटके परत आले नि तुझे बेडूक गेले, त्यांना तर ओळसुद्धा मिळाली नाही. मग मी आलो नव्हतो का समाचाराला? … पोर्क पाय नव्हता आणला, मान्य आहे.

"ऐक ना. शनिवारी चौथीच खेळू. माझे नवे बुटके आणतो, प्लॅस्टिकचे. तुला सरड्यांची फौज देतो. … अरे, सरडा काय नि बेडूक काय, दोघंही हिरवेच. … ओरडू नकोस, विल्फ.

"… शेवटचा शनिवार म्हणजे? … पोरीकडे? कायमचा? … तिकडे लांब अॅबरडीनला कोण खेळणारे तुझ्याशी? … घरसुद्धा विकलं? मग मला कधी… हो. सांगतोयस. आत्ता सांगतोयस."

हेडलीने फोनची वायर बोटाला गुंडाळली. मग सोडवली. मग पुन्हा गुंडाळली.

"… ऐकलं मी. जाण्याआधी एकदा, एकाच बाजूला. … विल्फ, ते जुने चोवीस बुटके नाहीयेत माझ्याकडे. … घर बदलताना हरवले. … हो, घर बदललंच नाहीये मी. … बरं. माळ्यावर आहेत. बिस्किटांच्या डब्यात. … लाज वाटते म्हणून आणत नाही. … हसणार नाहीस? … शपथ घे. … आईची नको, बेडकांची घे.

"तिसऱ्या आवृत्तीत बुटके गेले ना, तेव्हा ती आचाऱ्यांची जमात राहिली होती बघ. गुबगुबीत, हातात पळी. … तेच ते, बिनदाढीचे. … उंची सारखीच होती, विल्फ! फौज वाया कशाला घालवायची, म्हणून मी कानस घेतली. … सगळ्यांच्या दाढ्या. दोन रविवार लागले. … हो, आणि मग चौथी आवृत्ती आली. … हो, दाढ्यांसकट. … पळ्यासुद्धा चिकटवल्या होत्या. … विल्फ, शपथ घेतली होतीस!

"काही नाही गं मेरिएल, विल्फ हसतोय! … बहुतेक मरेल!

"… झालं? पूस डोळे. … तसेच कसे आणू? पान नऊ मला पाठ आहे. 'बुटके : दाढीवाले, हट्टी.' … नुसता मालक हट्टी असून भागत नाही, विल्फ. … बरं. … बरं, म्हटलं ना! पहिली आवृत्ती. मी पुलावर, तू पुलाखाली. … समोर कुणी का असेना. … हो, दहाला. … सर्दी झालीय का तुला? … मलाही झालीय.

"… थांब, ठेवू नकोस! उद्या जरा चक्कर मार इकडे. ती हिरवी पुट्टी आहे का तुझ्याकडे, दाढ्यामिशा करायची? … येताना घेऊन ये. … नाही रे, फार नको. बुटकेच आहेत."